हिर्लेकरांचा हात

समोर कुणी विलायती विकेटकीपर,
पॅड गुडघ्याच्या वर, मिशी मेणानं ओढलेली,
रंग अजून असा की आत्ताच सिगारेटच्या पाकिटातून सुटला असावा.
मी त्याच्याकडे बघत नाही.
पत्ता उलटते.

मागे जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं, शिरोरेघ न उचलता:
क्र. १४. जोगळेकर कंपाउंडरकडून.
दिले: तीन टपाल तिकिटं, एक पेरू.
खाली सही नाही. टिंब, टिंबाभोवती गोल.
हिर्लेकरांचा हात.

नाव फक्त क्रमांक एकवर आहे.
नवी वही सुरू करताना माणूस लिहितो तसं, सगळं:
दिनकर काशिनाथ हिर्लेकर, टाइमकीपर,
मुक्काम रामबाग, इंदूर. हरवल्यास परत करावे.

रामबागेत जाऊन आले.
त्या नंबरावर आता कोचिंग क्लास आहे,
जिनाभर चपला,
आणि वर कुणीतरी मोठ्यानं त्रिकोणमिती सांगतंय.
हिर्लेकर? चौकीदारानं रजिस्टर उघडलं.
कौन-सी बैच?

पन्नासांचा संच. माझ्याकडे सदतीस.
खजुरी बाजारात जुन्या गाइडांच्या पोटातून चार निघाले,
एक छावणीत, न्हाव्याच्या आरशामागे, आरसा हलू नये म्हणून दुमडून.
बाकीचे बोहरा बाजारात, हकीमुद्दीनभाईंच्या बिस्किटाच्या डब्यातून.
आधी पाच-पाच रुपयांत द्यायचे,
लिखा हुआ माल है, दीदी, ले जाओ.
मग एका रविवारी माझा चेहरा फुटला.
आता ते आधी मागची बाजूच दाखवतात,
टिंबावर नख ठेवून भाव सांगतात.
रिश्तेदार थे?
हो, म्हणाले मी.
का म्हणाले, ते बसमध्येही सुचलं नाही.

पेरू, तिकिटं, भोवरा, एका मॅचचा पास,
"दिले: घड्याळजीचं भिंग, (परत मागतो आहे)".
तिशीच्या पुढे दुसरी ओळ येते, निळ्या शाईत,
घाईत, शिरोरेघ तुटलेली.
क्र. २२. घेतले: अर्धा शेर साबुदाणा.
क्र. ९. घेतले: सव्वा रुपया, कुसुमचं औषध.
क्र. ४०. घेतले: काही नाही. पोरगा रडत होता.
आणलेलं लिहिलं, गेलेलंही लिहिलं,
मिलचा भोंगा लिहिणाऱ्याची सवय.
कुसुम बरी झाली का, ते कुठल्याच पत्त्यावर नाही.
अजून तेरा आहेत.

ग्वाल्हेरचे पवनीकर समोरची बाजू जमवतात.
पोस्टातून निवृत्त, कोपरे मोजायला भिंग,
दुमड दिसली की जेवण जात नाही.
मी त्यांना दोन कोरे, कडक पत्ते दिले,
त्यांनी मला एकतीस.
पाकिटात चिठ्ठी, सुंदर अक्षर:
"मागे कुणीतरी गिचमीड केली होती,
ओल्या कापसानं पुसून दिली आहे. आपल्याला आवडेल."

कॉपिंग पेन्सिल पुसली जात नाही.
ओल लागली की ती फुलते.
सगळी पाठ जांभळी, कडेपर्यंत,
त्यात एक "दिले" तरंगतंय,
आणि निळी ओळ होती की नव्हती,
ते जांभळ्यानं गिळलंय.
टिंब मात्र आहे. गोल थोडा पसरलाय,
डोळा चोळल्यावर होतो तसा.

पवनीकरांना उत्तर लिहिलं: पोचलं, आभार.
दुसरं काय लिहिणार,
त्यांनी चांगल्या मनानं केलं.

रात्री पत्ता दिव्यासमोर धरला, तिरपा केला,
अंगठा ओला करून एका कोपऱ्यावरून फिरवला,
म्हटलं, खालचं काही वर येतंय का.
आलं ते अंगठ्यावर.

सोमवारी विम्याच्या कचेरीत
सही घेताना शिपाई थांबला.
मॅडम, वोट कहाँ डल रहे हैं?